पांढरा सदरा आणि दहा इंचांचा पडदा

फेब्रुवारीतली गोष्ट. कापसाचा चुकारा हाती आला, तसा आमच्या वेटाळातल्या एका भाऊंनी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याला जाऊन बारावीतल्या पोरीसाठी टॅब्लेट आणला. साडेनऊ हजारांचा. पंधरा दिवसांनी डब्यासकट माझ्या ओसरीत हजर. "सर, पाहा बरं जरा. याच्यावर आठ जीबी लिवलं हाय, आठ कोर लिवलं हाय, अन् चालून राह्यलं बैलबंडीवानी. फसवलं का मले दुकानदारानं?"

दुकानदारानं फसवलं नव्हतं. डब्यावरचा एकेक आकडा खरा होता. भानगड एवढीच की भाऊंच्या मनात प्रश्न एक होता आणि डबा उत्तर देत होता दुसऱ्याच प्रश्नाचं.

आधी ते आठ जीबी. डबा उलटा केला तर तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत '4+4' छापलेलं. म्हणजे चार जीबी स्वतःची रॅम आणि चार जीबी उसनी. रॅम ही प्रोसेसरच्या, म्हणजे टॅब्लेटच्या मेंदूच्या, हाताशी असलेली जागा; घराची ओसरी म्हणा. उघडलेलं ॲप, चालू व्हिडिओ, अर्धवट लिहिलेला मेसेज, सगळा पसारा तिथं मांडलेला असतो. स्टोरेज म्हणजे मागची कोठी. 'व्हर्च्युअल रॅम' नावाचा प्रकार म्हणजे त्या कोठीतलाच एक कोपरा झाडून घ्यायचा आणि त्यालाही ओसरी म्हणायचं. लग्नाघरी पाहुणे वाढले तर गोठ्यातही खाट टाकता येते. पण म्हणून सोयरिकीच्या बैठकीत कोणी गोठा धरून खोल्या मोजत नाही. (मोजणारेही भेटलेत, ते सोडा.)

अडचण वेगाची आहे. स्वस्त टॅब्लेटमध्ये स्टोरेजसाठी बहुधा ईएमएमसी जातीची चिप असते. तिचा कागदावरचा कमाल वेग सेकंदाला 400 मेगाबाइट. त्याच टॅब्लेटमधल्या साध्या रॅमचा वेग सेकंदाला 12 हजार मेगाबाइटांच्या आसपास जातो. म्हणजे तीसपट फरक, आणि तोही चिप पूर्ण जोरात असताना. बारीकसारीक तुकडे इकडून तिकडे हलवायचे असतील तर ती आणखी रेंगाळते. पोरगी व्हिडिओ थांबवून वहीचा फोटो काढायला जाते, तेवढ्यात व्हिडिओचं ॲप उचलून कोठीत ठेवलं जातं. परत यायला जो वेळ लागतो, त्यालाच आपण 'अटकलं' म्हणतो.

त्यात तिनं स्टोरेज गच्च भरलं होतं. स्टोरेजची ही चिप 'फ्लॅश' प्रकारची, आणि तिची एक खोड आहे. तिच्यावर लिहिता येतं सुटं सुटं, पुसायचं मात्र एकगठ्ठा. वर्गातल्या फळ्यावर एक ओळ बदलायची, तर अख्खा फळा पुसावा लागेल आणि बाकीच्या ओळी आधी दुसऱ्या फळ्यावर उतरवून घ्याव्या लागतील असा नियम केला, तर काय होईल? दुसरा फळा रिकामा असेपर्यंत निभतं. तोही भरला की मास्तर घामाघूम. म्हणून स्टोरेजचा पाचवा हिस्सा तरी मोकळा ठेवावा. जुनी लेक्चरं उडवल्यावर टॅब्लेट जरा श्वास घ्यायला लागला.

आठ कोरचं थोडक्यात सांगतो. कोर म्हणजे प्रोसेसरमधला काम करणारा एकेक गडी. विहीर खणायला आठ माणसं लावली म्हणून काम आठपट होत नाही. तळाशी उभं राहायला जागा दोघांचीच. बाकीचे काठावर विडी ओढतात. संगणकाच्या कामातही काही भाग असा असतो की तो वाटून देताच येत नाही. जीन ॲमडाल या अभियंत्यानं 1967 मध्येच हे मांडलं होतं. स्वस्त चिपमध्ये आठही कोर कधीकधी एकाच हलक्या जातीचे असतात. चार-चार वर्षं वापरात असलेल्या चिपमध्येही दोन तगडे आणि सहा हलके असं मिश्रण असेल, तर ती हातात जास्त चपळ वाटते. कोर किती, यापेक्षा ते कोणत्या जातीचे, हे विचारायला हवं. बैलजोडी घेताना आपण नुसते पाय मोजतो का?

आता पडदा. इथं मला जास्त वेळ घालवायचा आहे, कारण आपल्याकडची निराशा मुख्यतः इथली आहे.

भाऊंचा हिशेब सरळ होता. फोन साडेसहा इंची, टॅब दहा इंची, म्हणजे अक्षरं मोठी आणि स्वच्छ. मोठी हो, स्वच्छ नाही. त्यांच्या टॅब्लेटच्या पडद्यावर 1280 गुणिले 800, म्हणजे दहा लाख चोवीस हजार ठिपके आहेत. त्यांच्या खिशातल्या साध्या फोनवर 1600 गुणिले 720, म्हणजे साडेअकरा लाख. दहा इंची पडद्यात ठिपके फोनपेक्षा कमी! शेत मोठं, पण बियाणं तेवढंच, मग ओळी विरळ पडणारच. टॅब्लेटवर एका इंचात दीडशे ठिपके येतात, फोनवर दोनशे सत्तर.

इंग्रजी मजकूर यात कसाबसा निभावतो. देवनागरीची गोष्ट वेगळी. आपलं एक अक्षर म्हणजे वर वेलांटी किंवा रफार, मधे शिरोरेघ, खाली उकार, आणि जोडाक्षर असलं तर पोटात आणखी एक-दोन अक्षरं. पोरीनं बालभारतीच्या पुस्तकाची पीडीएफ उघडली होती. ए-फोर आकाराचं पान उभ्या धरलेल्या टॅब्लेटवर बसवलं की ते साडेतेरा सेंटीमीटर रुंदीत आकसतं. कागदावरचं तीन मिलिमीटर उंचीचं अक्षर दोन मिलिमीटरवर येतं. दीडशेच्या हिशेबानं त्याच्या वाट्याला उभे ठिपके आले अकरा-बारा. आता या बारा ठिपक्यांत 'राष्ट्र' लिहून दाखवा. ष, ट आणि खालचा रकार एकमेकांच्या अंगावर पडतात. पोरगी म्हणाली, "सर, 'द्ध' कोणता अन् 'द्व' कोणता, समजतच नाही." डोळ्यांचा नंबर वाढला असेल म्हणून आई धास्तावलेली.

उपाय फुकटचा होता. टॅब्लेट आडवा धरायचा. आडव्या पडद्याची रुंदी पावणेबावीस सेंटीमीटर, ए-फोर पानाची एकवीस. पान जवळजवळ खऱ्या आकारात येतं; एका वेळी अर्धंच दिसतं, पण अक्षराला अठरा ठिपके मिळतात आणि 'द्ध' पुन्हा 'द्ध' दिसायला लागतो.

मग भाऊंची स्वतःची तक्रार. ते टॅब घेऊन शेतात गेले होते, हरभऱ्याची ई-पीक पाहणी करायला. ही नोंद आपली आपण करायची सोय राज्यात 15 ऑगस्ट 2021 पासून आली. आपल्या जमिनीच्या गटात उभं राहायचं, पिकाचा फोटो घ्यायचा, सोबत जागेचे अक्षांश-रेखांश जातात. भाऊ म्हणाले, "पडदा पूर्न काळा. माह्यंच तोंड दिसे त्याच्यात."

हे मात्र खरंच निरीक्षण होतं. पडद्याचा उजेड 'निट' या मापात मोजतात. एक चौरस मीटरभर पृष्ठभागातून एका मेणबत्तीएवढा उजेड समोर आला, तर तो एक निट. स्वस्त टॅब्लेट 300 ते 400 निटांचे असतात. घरात ते भरपूर होतात. शेतात भाऊ उभे होते पांढरा सदरा घालून, टळटळीत दुपारी. अशा उन्हात पांढरं कापड साधारण 25 हजार निटांनी झळकतं. साध्या काचेचा एक पृष्ठभाग आपल्यावर पडलेल्या उजेडाच्या शंभरातले चार भाग आरशासारखे परत फेकतो. 25 हजारांचे चार टक्के झाले एक हजार. म्हणजे टॅब्लेटचा स्वतःचा उजेड 400 आणि त्यात दिसणाऱ्या सदऱ्याच्या प्रतिबिंबाचा 1000. भाऊंचा सदरा टॅब्लेटला अडीचपट भारी पडत होता.

त्यातही स्वस्त टॅब्लेटमध्ये वरची काच आणि आतला पडदा यांच्यामध्ये बहुधा हवेची फट असते. महागात ती चिकट थरानं भरून टाकतात. फट असली की काचेची वरची बाजू, काचेची खालची बाजू आणि पडद्याचा पृष्ठभाग, असे तीन आरसे होतात. मग एक हजाराचे अडीच-तीन हजारही होऊ शकतात. निंबाच्या सावलीत गेलात तर सदऱ्याची झळाळी दहापटीनं उतरते, प्रतिबिंब पार फिकं पडतं आणि तोच टॅब्लेट वाचता येतो. खराबी कुठेच नव्हती.

फोटोसोबत जागा मात्र सावलीतही मिळाली नाही. हा टॅब्लेट होता बिनसिमचा, फक्त वाय-फायवाला, आणि त्यात जीपीएसची चिपच नव्हती. बिनसिमच्या कितीतरी स्वस्त टॅब्लेटमध्ये ती नसते. असले टॅब्लेट आजूबाजूच्या वाय-फायच्या ओळखीवरून जागेचा अंदाज बांधतात. शहरात ते जमून जातं, हरभऱ्याच्या शेतात वाय-फाय कुठून आणणार? खरं जीपीएस वीस हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांचे संदेश नुसते ऐकतं. त्याला इंटरनेट लागत नाही, रिचार्जही लागत नाही, पण ऐकायला कान तर हवा! भाऊंच्या जुन्या फोनला तो होता. पाहणी फोनवरच झाली.

कॅमेऱ्याबद्दल दोन वाक्यं पुरेत. स्वस्त टॅब्लेटमध्ये पुष्कळदा भिंग एकाच जागी पक्कं बसवलेलं असतं, त्यामुळे हातभर अंतरापलीकडचं बरं दिसतं आणि बोंडातली गुलाबी अळी जवळून टिपायला गेलं की धुरकट येते. मेगापिक्सेल कितीही लिहिलेले असोत.

एवढं ऐकून भाऊंचा चेहरा उतरला. मग मी त्यांना 'आकाश' नावाचा सरकारी टॅब्लेट आठवून दिला. 5 ऑक्टोबर 2011 ला दिल्लीत तेव्हाचे मंत्री कपिल सिब्बल यांनी तो दाखवला आणि '35 डॉलरचा टॅब्लेट' म्हणून जगभर बोलबाला झाला. सात इंची पडदा, 366 मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, 256 मेगाबाइट रॅम. भाऊंच्या टॅब्लेटच्या खऱ्या रॅमचा सोळावा हिस्सा. पडदाही दाबावर चालणारा, म्हणजे बोट टेकवून भागत नसे, दाबावं लागे. लोक मात्र मनात तुलना करत होते आयपॅडशी, जो आदल्या वर्षी 499 डॉलरला आला होता. वस्तू होती ती किमतीच्या मानानं अचाट आणि अपेक्षेच्या मानानं फुसकी, एकाच वेळी. त्या हिशेबानं आज साडेनऊ हजारांत जे मिळतं, ते मला तरी स्वस्त वाटतं.

पुढं उन्हाळा आला. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 ओलांडतो आणि लिथियम बॅटरीला चार्ज करायची वरची मर्यादाही साधारण 45 अंशांचीच. टिनाच्या छपराखाली, उशीवर ठेवून टॅब चार्जिंगला लावला तर तो चार्ज होणं थांबवतो किंवा प्रोसेसर मुद्दाम हळू चालवतो. आतली उष्णता बाहेर जायला बाहेरचं काहीतरी थंड असावं लागतं. तो खाली फरशीवर ठेवायचा, आणि कूलरच्या अगदी तोंडाशी नाही, तिथली हवा पाण्याचे तुषार घेऊन येते.

आता कोणी घ्यायला निघालं तर मी सोबत जातो. दुकानात डबा वाचत बसत नाही. माझ्या फोनमधली मराठी पीडीएफ त्यात टाकतो, आडवं-उभं करून पाहतो. दोन ॲप्स उघडून एकातून दुसऱ्यात उड्या मारतो. इंटरनेट बंद करून नकाशा उघडतो आणि दुकानाबाहेर उन्हात जाऊन उभा राहतो. निळा ठिपका येतो की नाही आणि पडदा दिसतो की नाही, दोन्ही एकदम कळतं. दुकानदार वैतागतो. पैसे देऊन पाहायच्या एखाद्या सिनेमाच्या ॲपचं काम असेल तर आणखी एक बघतो, 'वाइडवाइन' परवान्याची, म्हणजे सिनेमाची चोरी रोखणाऱ्या कुलपाची, पातळी. ती एल-थ्री, म्हणजे सगळ्यांत खालची, असली की बहुतेक ठिकाणी चित्र डीव्हीडीएवढंच येतं, पडद्यात दम असला तरी.

भाऊंच्या पोरीचा टॅब्लेट ओसरीत आडवा उभा असतो, भिंतीला टेकून. लेक्चर ऐकायचं, प्रश्नसंच सोडवायचे, यासाठी तो झकास आहे. सदऱ्याचं गणित मात्र भाऊंच्या डोक्यातून गेलं नाही. परवा रस्त्यात भेटले, म्हणाले, "सर, तुमच्या हिशेबानं काळा शर्ट घातला तर पडदा दिसन ना उनात?"

म्हटलं, थोडाफार दिसेल. वरचं आभाळ तरीही उमटणारच.

"दिसन हो. पन मे मयन्यात काळा शर्ट घालून धुऱ्यावर उभा राह्यलो, तर टॅबच्या आंधी मीच हँग होईन!"