पागडी आणि हेवी डिपॉझिट: पावती कोणाच्या नावावर आहे ते आधी बघा

ठाण्यात नौपाडा, पाचपाखाडी, राम मारुती रोड इथलं महिन्याचं भाडं झेपत नाही म्हटलं की एजंट दोन शब्द पुढे करतो, पागडी आणि हेवी डिपॉझिट. दोन्हीकडे आधी एकरकमी पैसे आणि मग नाममात्र भाडं, त्यामुळे बरेच जण दोन्ही एकच समजतात. खरं तर पागडीत पैसे जातात आणि हक्क मिळतो. हेवी डिपॉझिटमध्ये पैसे परत मिळायचे असतात, घरावर हक्क मात्र काहीच नसतो.

पागडीवाला कायद्याने भाडेकरू असतो. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं त्याला संरक्षण आहे, भाडं वर्षाला ४ टक्क्यांनी वाढू शकतं आणि त्याच्या मागे सोबत राहणाऱ्या घरच्यांकडे भाडेहक्क जातो. पागडी घेण्यालाही याच कायद्याने मान्यता दिली. मात्र खोली दुसऱ्याला द्यायची तर घरमालकाची संमती लागते आणि तो आपला वाटा घेतोच. शिवाय या बहुतेक इमारती जुन्या. महापालिकेच्या धोकादायक यादीत ती सी-१ मध्ये, म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायच्या इमारतींत नाही ना, हे आधी बघून घ्या.

हेवी डिपॉझिट म्हणजे साधा लीव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी, फक्त डिपॉझिट फुगवलेलं. मुदत संपली की घर सोडायचं.

खरी गोची होते ती या दोन्हींच्या मिश्रणात. पागडीचा भाडेकरू स्वतः घोडबंदरला राहायला जातो आणि नौपाड्यातली खोली हेवी डिपॉझिटवर लावतो. घरमालकाला पत्ताच नसतो. परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवला तर मालक घर खाली करून मागू शकतो, मग तुम्ही डिपॉझिट म्हणून दिलेले, समजा, १२ लाख कोणाकडे मागणार? म्हणून लाइट बिलावर समाधान मानू नका. फ्लॅट असेल तर इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा सरकारी उतारा) आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट मागा. पागडीची खोली असेल तर चालू महिन्याची भाडेपावती आणि मालकाची लेखी परवानगी हवी. ‘ते नंतर देतो’ असं उत्तर आलं तर सरळ जिना उतरा.

करारात डिपॉझिट कमी दाखवू, स्टॅम्प ड्युटी वाचेल, असंही सुचवलं जातं. हिशेब करून बघा. १२ लाख डिपॉझिट, २,००० भाडं, दोन वर्षं. डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून २.४० लाख, भाड्याचे ४८ हजार, एकूण २.८८ लाख. स्टॅम्प ड्युटी त्याच्या ०.२५ टक्के, म्हणजे ७२० रुपये. एवढ्यासाठी १२ लाखांचा पुरावा सोडायचा? नोंदणी तर ११ महिन्यांच्या करारालाही सक्तीची आहे.

डिपॉझिटसाठी पर्सनल लोन काढणार असाल तर माझं मत सरळ आहे: नको. व्याजातच भाडं निघून जातं. पैसे स्वतःचे असतील तर चेकने द्या, फ्लॅटवर मालकाचं कर्ज आहे का ते विचारा आणि करारात एक ओळ घालून घ्या: चावी परत करतानाच पूर्ण डिपॉझिट मिळेल. नाहीतर ‘पुढचा माणूस आला की देतो’ हे ऐकत बसावं लागतं, कारण तुमचे पैसे मालकाने केव्हाच दुसरीकडे लावलेले असतात.