टंगस्टन वितळत नाही म्हणून टिकते, हे खरं नाही भाऊ

आमच्या यवतमाळकडं वेल्डिंगवाल्या पोरांमधे कायम चालते का टंगस्टन हा धातू ३४२२ डिग्री सेल्सियसला वितळते म्हणून थ्रीडी प्रिंट केलेला त्याचा पार्ट कोणत्याही आगीत बिनधास्त चालन. नाही चालत. टिग वेल्डिंगमधे (टंगस्टनच्या इलेक्ट्रोडनं, हवा दूर ठेवणाऱ्या आर्गन वायूत करतात ते) आर्गन बंद पडला की इलेक्ट्रोडचं टोक कसं काळंनिळं होऊन जळते ते तुम्हीच रोज पाहता ना, कारण गरम टंगस्टनला हवा लागली की ऑक्साइड बनते आणि साधारण हजार डिग्रीच्या वर ते ऑक्साइड वाफ होऊन उडाले लागते, म्हणजे वितळायच्या कितीतरी आधीच धातू खपत जाते. म्हणून पार्टची तापवायची टेस्ट व्हॅक्यूममधे (हवा काढलेल्या जागेत) किंवा आर्गनमधे घेतली का हवेत, हे पयले विचारा लागते, नुसता डिग्रीचा आकडा काही कामाचा नाही.

अन् प्रिंटिंगचं दुखणं तर वेगळंच. टंगस्टन थंडं असताना ठिसूळ, प्रिंट करताना लेझरनं वितळलेला भुकटीचा थर झपकन आवळते आणि बारीक तडे जातात. आतले तडे पाहाले गेलं तर धातू इतका दाट की एक्स-रेही सहज आरपार जात नाही, मंग नमुना कापून मायक्रोस्कोपखाली पाहा लागते, शिवाय वारंवार तापवून-थंडवूनही पाहा लागते, कारण तडे त्यातच वाढतात. अन् हवेचं दुखणं एकट्या टंगस्टनचं नाही: रॉकेटच्या नोझलात (गरम वायू बाहेर पडायच्या तोंडात) नायोबियम या दुसऱ्या धातूचा सी-१०३ नावाचा मिश्रधातू वापरतात, त्यालाही ऑक्सिजनपासून वाचवाले सिलिसाइडचा (सिलिकॉनच्या संयुगाचा) कोट द्या लागते.