टीसीएल आणायची की टीसीसीए?

"वहिनी, तुम्ही सांगितली ती पावडर आणली. आपल्या जुन्या ओळखीचीच निघाली की!" पोहण्याच्या हौदाची देखभाल करणारे काका फोनवर खूश होते. मी सांगितली होती टीसीसीए, दुकानदाराने बांधून दिली टीसीएल, आणि काकांच्या मते दोन्ही एकच. का नसावं? गावच्या पाणीपुरवठ्याच्या टाकीवर त्यांनी सात वर्षं टीसीएल टाकली आहे. दोन्ही पांढऱ्या, दोन्हींना तोच नाकात झोंबणारा वास, दोन्ही पाण्यात क्लोरीन सोडतात, आणि फोनवर नावं तर जुळ्या भावांसारखी ऐकू येतात.

मोठ्या दिरांचं मुळशीकडे शेतघर आहे. तिथे पोहण्याचा एक छोटा हौद आहे, 8 मीटर लांब, 4 मीटर रुंद, सरासरी सव्वा मीटर खोल. म्हणजे 40 हजार लिटर पाणी. हौद भाऊजींचा, देखभाल काकांची आणि पाण्याच्या रसायनशास्त्राची कटकट माझी, अशी वाटणी कधी झाली ते कुणालाच आठवत नाही.

त्या संध्याकाळी काकांनी किलोभर टीसीएल थेट पाण्यात भिरकावली. सकाळी हौदाचं ताक झालेलं. तळाला पांढरा थर, पायऱ्या दिसेनात, आणि फिल्टरच्या दाबाचा काटा वर चढलेला.

टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. विरलेल्या चुन्यावर क्लोरीन वायू सोडून ती बनवतात. ताज्या पावडरीत कामाला येणारा क्लोरीन 33 टक्क्यांच्या आसपास असतो, बाकीचा बराचसा भाग चुन्याचाच. हा चुना पुरता विरघळत नाही. शिवाय पावडर अल्कधर्मी असल्याने पाण्याचा पीएच वर चढतो. आमचं पाणी बोअरचं, बेसाल्टच्या भेगांतून आलेलं, मुळातच जड. जड पाण्याचा पीएच चढला की पाण्यात विरघळलेला कॅल्शियमही कार्बोनेट होऊन बाहेर पडतो. थोडक्यात, ते ताक अर्धं पिशवीतलं होतं आणि अर्धं आमच्याच बोअरचं.

गंमत म्हणजे टीसीएल कशी वापरायची हे काकांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. टाकीवर ते बादलीभर पाण्यात पावडर कालवून ठेवत, चुना खाली बसू देत आणि वरची निवळी तेवढी टाकीत ओतत. गाळ बाहेर फेकायचा, हा तिथला नियम. "पण हा पोहायचा हौद ना, प्यायचं थोडंच आहे!" हा त्यांचा युक्तिवाद. पिण्याच्या टाकीत फारतर हजार लिटरला पाच ग्रॅम पडते, आणि ते पाणी दुसऱ्या दिवशी घराघरांत जाऊन संपतं. हौदातलं पाणी तेच राहतं, महिनोन्महिने.

सगळा घोळ या एका गोष्टीत आहे. क्लोरीन येतो आणि जातो. ऊन, घाम, पानं, शेवाळ त्याला खातात. त्याच्याबरोबर आलेला पाहुणा मात्र मुक्काम ठोकतो. टीसीएलचा पाहुणा चुना, म्हणजे कॅल्शियम. टीसीसीएचा पाहुणा सायन्युरिक ॲसिड.

टीसीसीए, म्हणजे ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक ॲसिड, ही वेगळ्याच घराण्यातली वस्तू. पूलचं सामान विकणारे तिला नुसतं 'नव्वद' म्हणतात, कारण कामाला येणारा क्लोरीन सुमारे 90 टक्के. दाणेदार पावडर मिळते, नाहीतर कॅरमच्या स्ट्रायकरएवढ्या जाड वड्या. विरघळायला अगदी आळशी, म्हणून वडी तरंगत्या डब्यात ठेवली की कित्येक दिवस झिरपत राहते. गाळ नाही, ताक नाही. स्वभावाने आम्लधर्मी, पीएच हळूहळू खाली ओढते. आणि सायन्युरिक ॲसिड हे क्लोरीनच्या डोक्यावरच्या छत्रीसारखं काम करतं. उघड्या हौदात भर उन्हात नुसता क्लोरीन तासाभरात निम्म्याहून कमी होऊ शकतो. सायन्युरिक ॲसिड त्याला सैल धरून ठेवतं आणि लागेल तसं सोडतं.

वाचायला हे इतकं छान आहे की टीसीएलच्या त्या प्रकारानंतर मी काकांना हुकूम सोडला, यापुढे फक्त 'नव्वद'. दिवाळीपासून वड्या सुरू झाल्या. पाणी काचेसारखं. होळीला मुलं यायची होती, त्याच्या आठवडाभर आधी काकांचा फोन आला, "वहिनी, हौद हिरवा पडलाय. क्लोरीन तर तीन दाखवतंय."

मी आधी काकांच्या डोळ्यांवर संशय घेतला. मग गेले आणि स्वतः तपासलं. खरंच तीन.

हिशेब पाटीवर मांडला तेव्हा उलगडा झाला. 40 हजार लिटरमध्ये 1 पीपीएम (म्हणजे लिटरला एक मिलिग्रॅम) क्लोरीन चढवायला निव्वळ क्लोरीन 40 ग्रॅम लागतो. 'नव्वद' घेतली तर सुमारे 44 ग्रॅम, ताजी टीसीएल घेतली तर सुमारे 120. आमचा हौद रोज साधारण 2 पीपीएम खातो असं धरू. टीसीसीएतून आलेल्या दर 10 पीपीएम क्लोरीनमागे सायन्युरिक ॲसिड 6 पीपीएमने वाढतं. म्हणजे रोज 1.2, महिन्याला 36. चार महिन्यांत कागदावर 144. फिल्टर उलटं पाणी सोडून धुताना (बॅकवॉशला) आणि मुलांच्या उड्यांत थोडं पाणी जातं, त्याची भर नव्या पाण्याने होते, तेवढंच काय ते कमी.

छत्री धरणाऱ्याने माणसाचे हातच धरून ठेवावेत, तसं होतं मग. सायन्युरिक ॲसिड जितकं जास्त, तितका मोकळेपणी काम करणारा क्लोरीन कमी. पूलवाल्यांचा एक ढोबळ आडाखा आहे: सायन्युरिक ॲसिड जितकं असेल त्याच्या निदान साडेसात टक्के क्लोरीन हवा. 40 असेल तर 3 पीपीएम पुरतो. 120 असेल तर 9 लागतो. आमचा तीनवर खुशाल बसला होता आणि शेवाळ त्याच्या नाकावर टिच्चून वाढत होतं.

मग तपासणीत तीन कसा दिसला? कारण तपासणीचे थेंब सायन्युरिक ॲसिडच्या हातातला क्लोरीनही ओढून घेतात आणि मोजतात. खात्यावर शिल्लक दिसते, पण एटीएममधून निघत नाही.

इथे तपासणीविषयी थोडं सांगते, कारण तिथेही दोन सारख्या दिसणाऱ्या गोष्टी आहेत. काकांना ठाऊक असलेली ती 'ओटी टेस्ट', ग्रामपंचायतीत करतात ती. नळीत पाणी, त्यात ऑर्थोटोल्युडिनचे थेंब, पिवळा रंग आला की पाण्यात क्लोरीन आहे. स्वस्तातल्या पूल किटमध्येही हेच थेंब असतात. नळाच्या पाण्यात शेवटच्या घरापर्यंत 0.2 पीपीएम उरला की नाही हे बघायला ती ठीक. पण ती मोकळा क्लोरीन आणि घामा-लघवीतल्या नायट्रोजनशी बांधला गेलेला क्लोरीन यांची बेरीज दाखवते. (ज्याला आपण 'क्लोरीनचा वास' म्हणतो तो बहुधा त्या बांधलेल्याचा असतो.) दुसरी तपासणी डीपीडी नावाच्या रसायनाची. त्याच्या गोळीने रंग गुलाबी येतो. एक नंबरची गोळी फक्त मोकळा दाखवते, मग त्याच नळीत तीन नंबरची टाकली की एकूण. वजाबाकी आपली आपण. किंमत जास्त, पण मी ओटीची बाटली केव्हाच फेकली. क्लोरीन फारच जास्त असेल तर डीपीडीचा गुलाबी रंग उडून पाणी बिनरंगीच दिसतं, आणि माणूस 'काहीच नाही' समजून अजून ओततो. तेव्हा नळीत गोळी पडताक्षणी रंग चमकून गेला का, ते बघायचं. पीएच मोजायच्या फिनॉल रेड या थेंबांचंही तसंच; क्लोरीन भरमसाट असताना ते जांभळं होतं आणि त्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नसतो.

सायन्युरिक ॲसिडची तपासणी मात्र मला मनापासून आवडते. हौदाचं पाणी आणि मेलामाइनचं द्रावण सारखं मिसळायचं. पाणी गढूळतं, जणू कुणी दुधाचा थेंब टाकला. मग तळाशी काळा ठिपका असलेल्या उभ्या नळीत ते हळूहळू ओतत जायचं, वरून बघत. ठिपका दिसेनासा झाला की थांबायचं आणि नळीवरचा आकडा वाचायचा. आकडे उलटे असतात, 100 तळाकडे आणि वर जावं तसे कमी; ठिपका जितक्या लवकर जाईल तितकं सायन्युरिक ॲसिड जास्त. काका ओतत होते, मी बघत होते. नळीत जेमतेम दोन बोटं पाणी आणि ठिपका गायब. 100 च्या खुणेपर्यंतही पोहोचलो नाही. मग निम्मं हौदाचं आणि निम्मं टाकीचं पाणी घेऊन पुन्हा केलं. ठिपका 60 ला गेला. दुप्पट म्हणजे 120.

यावर औषध नाही. कुठलीही बाटली ओतून सायन्युरिक ॲसिड सहज जात नाही. पाणीच काढावं लागतं. निम्मा हौद उपसला, दहा हजार लिटरचे दोन टँकर मागवले, 120 चं 60 झालं. मार्चमध्ये टँकरचा भाव काय असतो ते मुळशी-हिंजवडीकडच्यांना सांगायला नको.

मग चांगलं कुठलं? हा प्रश्न मला अर्धवट वाटतो, आधी तुमचं पाणी कुठलं ते सांगा. देशावरच्या बोअरचं जड पाणी असेल तर चुन्याच्या घराण्याने क्षारांचा थर साचतो, टाइल्सच्या कडेला पांढरी रेघ उमटते. पूलच्या दुकानात 65 ते 70 टक्क्यांची कॅल-हायपो मिळते. ती टीसीएलचीच तालेवार बहीण. गाळ खूप कमी, पण दर 10 पीपीएम क्लोरीनमागे पाण्याचा जडपणा 7 पीपीएमने वाढवतेच. याउलट कोकणात जांभ्यातल्या विहिरीचं पाणी मऊ आणि किंचित आम्लाकडे झुकलेलं असतं. तिथे टीसीसीए एकटीच वापरली तर पीएच घसरतो, टाइल्समधलं सिमेंट झिजतं, शिडीला गंज धरतो. तिथे कॅल-हायपोचा चुना पथ्यावरच पडतो. टीसीसीएने अल्कता (आम्ल झेलून पीएच सावरण्याची पाण्याची ताकद) उतरली तर खायचा सोडा. आमच्याएवढ्या हौदाला 10 पीपीएमसाठी पावणेसातशे ग्रॅमच्या आसपास लागतो.

आम्ही आता दोन्हींचं मिळून करतो. पावसाळा सरला की सायन्युरिक ॲसिड 30 ते 40 होईपर्यंत 'नव्वद'. तिथे वड्यांचा डबा बाहेर काढायचा आणि पुढे द्रवरूप हायपोक्लोराइट, संध्याकाळी ऊन उतरल्यावर. त्यातून मागे उरतं ते थोडं मीठ. टीसीएल फक्त अडीनडीला, तीही निवळून. आणि पिशवी जुनी असेल तर तीही नाही; दमट हवेत तिचा दम वर्षाच्या आत निघून जातो, ग्रामपंचायतींनाही 20 टक्क्यांखालची पावडर वापरू नका असं सांगतात.

आता जे सांगायला हे लिहायला घेतलं ते. होळीच्या त्या धांदलीत मी पंपाच्या खोलीत गेले तर फळीवर दोन सारखे डबे, एकात उरलेली टीसीएल, दुसऱ्यात दाणेदार टीसीसीए, आणि दोन्हींना मिळून श्रीखंडाचा एकच रिकामा डबा मापाला. ओलसर. माझ्या पोटात गोळा आला. हे दोन क्लोरीन हौदभर पाण्यात वेगवेगळे विरघळले तर काही होत नाही. पण कोरडे किंवा जरासे ओले एकत्र आले तर तापतात, क्लोरीन वायू सुटतो, आग लागते, आणि नायट्रोजन ट्रायक्लोराइड तयार होऊन स्फोटही होऊ शकतो. मापाला चिकटलेली चिमूट पुरते. टीसीसीएच्या वड्यांच्या तरंगत्या डब्यात 'जरा जोर यावा' म्हणून दुसरी पावडर भरणं म्हणजे तर हातात सुतळी बॉम्ब धरण्यासारखं. शिवाय टीसीएलच्या बादलीत बाथरूमचं ॲसिड पडलं तरी विषारी वायू सुटतो.

टीसीसीएला तर दुसरी पावडरही लागत नाही. 2020 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत लुइझियानातल्या लेक चार्ल्सजवळ लॉरा वादळाने एका कारखान्याच्या इमारतींची छपरं उडवली. आत साठवलेल्या टीसीसीएवर पाऊस पडला, ती तापली, तिचं विघटन झालं, आग लागली आणि क्लोरीनच्या लोटांमुळे शेजारचा महामार्ग बंद करावा लागला. भरपूर पाण्यात निरुपद्रवी असलेली वस्तू थोड्या पाण्यात पेट घेते, हे काकांना पटवायला मला तो प्रसंग दोनदा सांगावा लागला.

तिसऱ्यांदा सांगायची वेळ आली नाही. टीसीएल आता गोठ्यामागच्या खोलीत असते, टीसीसीए पंपाच्या खोलीत, दोन्हींना वेगळी मापं. डब्यांवर काकांनी स्वतः ऑइलपेंटने नावं घातली आहेत. टीसीएल आणि टीसीसीए ही नावं त्यांनी मुद्दाम टाळली. एकावर 'चुनेवाली', दुसऱ्यावर 'आंबट'. फोनवर आता आमची गल्लत होत नाही.

पावसाळ्यात हौदाच्या खोलीपेक्षा जास्त पाऊस त्यात पडतो आणि कडेवरून वाहून जातो. टँकर लागत नाही. सप्टेंबरअखेर काकांनी पुन्हा नळी भरली. पार वरच्या खुणेपर्यंत ओतलं तरी तळाचा काळा ठिपका ठसठशीत. "दिसतोय की," ते म्हणाले आणि 'आंबट'ची किल्ली घ्यायला गेले.