अमेरिकेतले सगळे जज राष्ट्राध्यक्ष नेमतो? नाही हो

अमेरिकेत प्रत्येक जज राष्ट्राध्यक्षच नेमतो असं आपल्याकडे वर्षानुवर्षं फिरतंय, फॅमिली ग्रुपवर तर दर निवडणुकीला येतंच. पण हे फार तर फेडरल, म्हणजे केंद्राच्या कोर्टांपुरतं खरंय. राज्यांची कोर्टं वेगळी, आणि बऱ्याच राज्यांत तिथला जज चक्क मतं मागून निवडून येतो.

फ्लोरिडाचंच घ्या. तिथे ६७ काउंट्या (आपल्या जिल्ह्यांसारख्या), आणि काउंटी कोर्टात छोटे गुन्हे, ५० हजार डॉलरपर्यंतचे दिवाणी दावे, म्हणजे सामान्य माणसाचा संबंध येतो तो याच जजशी. मुदत ६ वर्षं. जज व्हायचं तर त्याच काउंटीत राहायला हवं आणि ५ वर्षं फ्लोरिडाच्या बारचं, म्हणजे वकिलांच्या संघटनेचं सदस्य असायला हवं (४० हजारांपर्यंत लोकसंख्येच्या लहान काउंटीत ५ वर्षांची अट नाही, पण वकील हवाच). मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नसतं. समोर कोणी उभंच नाही राहिलं तर नावही छापत नाहीत, थेट निवडून.

"मग पैसेवाल्यांचेच जज" असं लगेच म्हणू नका. तिथे उमेदवाराला स्वतः वर्गणी मागताच येत नाही, त्याच्या प्रचार समितीने मागायची. टॅम्पाकडच्या एका उमेदवाराने वर्गणी मागणारं स्वतःच्या सहीचं पत्र पाठवलं, कारवाई झाली, केस अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि २०१५ ला ५ विरुद्ध ४ ने हा नियम टिकला. मला तरी हा नियम फार मोलाचा वाटतो, कारण पत्र मिळालेला वकील उद्या त्याच जजसमोर उभा राहणार ना!

मधेच जागा रिकामी झाली तर मात्र गव्हर्नर नेमतो, राष्ट्राध्यक्ष तेव्हाही नाही.