आधी गॅस कोणता, मग हॉब कोणता

हॉब, म्हणजे ओट्याला भोक पाडून बसवायची काचेची शेगडी, घ्यायला दुकानात गेलं की विक्रेता पहिल्यांदा विचारतो, बर्नर तीन हवेत की चार? त्याआधी विचारायला हवा तो प्रश्न वेगळा आहे: घरात पाइपचा गॅस येतो की सिलिंडर? पुण्यात आज शेजारशेजारच्या दोन सोसायट्यांत याची दोन उत्तरं मिळतात. स्वयंपाकघरातल्या आगीचा इतिहास पाहिला तर दर वेळी आधी इंधन बदललं, मागून शेगडी बदलली, आणि भांडी व ओटा यांना त्या दोघांशी जमवून घ्यावं लागलं. हॉबची निवड फसते ती बहुतेकदा हा क्रम उलटा धरल्यामुळे. आधी काच आवडते, मग ग्रॅनाइट कापलं जातं आणि गॅसचा विचार फिटर दारात आल्यावर होतो.

पेठांतल्या वाड्यांत चूल जमिनीवर असायची आणि तिच्या अंगाला वैल. चुलीच्या पोटातला जाळ एका भोकातून वैलाखाली जायचा. भाताला उकळी फुटून पाणी आटत आलं की पातेलं वैलावर सरकवायचं. तिथे तो सावकाश मुरायचा आणि चूल आमटीला मोकळी व्हायची. एकाच लाकडावर दोन आचा, एक जोराची आणि एक मंद. आजच्या हॉबवर साडेतीन-चार किलोवॅटचा मोठा बर्नर, पावणेदोनच्या आसपासचा मधला आणि एक किलोवॅटचा लहान अशी जी वाटणी असते, ती याच गरजेतून. म्हणून ‘सगळे मोठेच बर्नर द्या’ असं सांगू नये. मोठा बर्नर अगदी बारीक केला तरी साजूक तूप कढवायला त्याची आच जास्तच होते, आणि आणखी बारीक केला की ज्योत विझते. तिथे लहान बर्नरच लागतो. वैलाचं काम त्याच्याकडे आलं आहे.

चुलीनंतर कोळशाची शेगडी आली, लाकडाच्या भुशाची आली, पण शहरी घराचा दिवस खऱ्या अर्थानं बदलला तो रॉकेलच्या स्टोव्हनं. स्वीडनमध्ये 1892 साली फ्रान्स लिंडक्विस्ट यांनी बिनवातीचा, हवेच्या दाबावर चालणारा स्टोव्ह तयार केला. तो प्रायमस नावानं जगभर गेला आणि आपल्याकडे ‘पंपाचा स्टोव्ह’ झाला. त्याची रीत समजून घेण्यासारखी आहे, कारण गॅसच्या बर्नरचं तत्त्व त्यातच आहे. आधी काकडा पेटवून बर्नर तापवायचा, मग पंप मारायचा. टाकीतलं रॉकेल तापलेल्या नळीतून जाताना त्याची वाफ होते, ती बारीक छिद्रातून जोरात बाहेर पडते, पडताना आजूबाजूची हवा ओढून घेते आणि हवेत मिसळून निळी जळते. बर्नर नीट तापला नसेल तर वाफेऐवजी रॉकेलच बाहेर येतं आणि पिवळा भडका उडतो. छिद्रात कचरा अडकला की पिन मारायची. बारीक छिद्र, ठरावीक दाब आणि पुरेशी हवा, या तिन्हींचं गणित जमलं तर निळी ज्योत. गॅसच्या शेगडीत ते छिद्र म्हणजे जेट.

एलपीजी भारतात आणला बर्मा शेलनं, मुंबईत, 1955 साली. 1964 मध्ये इंडियन ऑइलनं इंडेन सुरू केलं. 1974 मध्ये एस्सो आणि 1976 मध्ये बर्मा शेल सरकारकडे आल्यावर एचपी गॅस आणि भारत गॅस ही आजची नावं रूढ होत गेली. पुढची कितीतरी वर्षं गॅससाठी ‘नंबर लावावा’ लागे आणि तो लागेपर्यंत घरात स्टोव्हच असे. गॅस आला की पातेल्यांची बूडं काळी होणं थांबलं, बाहेरून राखेचा लेप देण्याची गरज संपली. घरगुती सिलिंडर 14.2 किलोचा आणि रेग्युलेटरमधून शेगडीला मिळणारा दाब 30 मिलिबार ठरला. दोन बर्नरची स्टीलची शेगडी याच आकड्यांवर बेतलेली होती. तिच्यासाठीच्या आयएस 4246 या भारतीय मानकात उष्णतेची किमान कार्यक्षमता 68 टक्के धरली आहे. आजही एलपीजीची शेगडी असो की हॉब, आयएसआय खुणेशेजारी हा क्रमांक आहे का ते आधी पाहावं. काचेची जाडी नंतर.

याच काळात स्वयंपाक उभ्यानं सुरू झाला. 1961 च्या पानशेतच्या पुरात नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे गेले. शहर नदीपलीकडे आणि डोंगराच्या कडेनं पसरत गेलं, वाड्यांच्या जागी इमारती आल्या आणि फ्लॅटमध्ये कडप्प्याचा ओटा आला. हा ओटा शेगडीचा हिशेब धरून केलेला असतो. ओटा 31-32 इंच, त्यावर शेगडीची चार-पाच इंच, म्हणजे तवा कमरेच्या वर येतो. आता त्याच ओट्याला भोक पाडून हॉब बसवला की तवा दोन-तीन इंच खाली जातो. पोळ्या लाटून भाजणाऱ्याला वाकावं लागतं आणि महिन्याभरात पाठ बोलू लागते. नवा ओटा हॉबसाठी करत असाल तर तो 34 इंच किंवा घरातल्या मुख्य स्वयंपाक करणाऱ्याच्या कोपरापासून चार-पाच इंच खाली घ्यावा. जुना ओटा तसाच ठेवायचा असेल तर पायांवर उभी राहणारी काचेची किंवा स्टीलची शेगडीच चांगली. यात काही मागासलेपण नाही.

हॉबचं मूळ युरोपातल्या सलग बांधलेल्या स्वयंपाकघरात आहे. मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी 1926 मध्ये फ्रँकफुर्टच्या घरांसाठी आखलेलं छोटं, मोजूनमापून केलेलं स्वयंपाकघर ही त्या विचाराची मोठी पायरी. सलग ओटा, खाली खण, वर कपाटं. मग आगही ओट्यात बसवण्याकडे कल जाणारच. आपल्याकडे मॉड्युलर किचनबरोबर हॉब आला तो याच मापांसह, आणि ती मापं सपाट बुडाच्या लहान भांड्यांची होती. 60 सेंटिमीटरच्या हॉबवर चार बर्नर दिसतात, पण पाच लिटरचा कुकर आणि 28 सेंटिमीटरचा तवा शेजारी ठेवले की एकमेकांना टेकतात आणि तिसरं पातेलं मागे अडकून राहतं. रोज पोळी-भाजी-भात-आमटी होणाऱ्या घरात 75 सेंटिमीटरच्या आसपासचा तीन बर्नरचा हॉब 60 च्या चार बर्नरपेक्षा जास्त कामाचा.

दगड कापण्याआधी हॉब घरात आलेला असावा. कटआउट, म्हणजे हॉबसाठीचं दगडातलं भोक, सोबतच्या कागदावरच्या मापानंच कापावा, काचेच्या मापानं नव्हे. पुढच्या बाजूला दगडाची किमान दोन इंचांची पट्टी उरली पाहिजे. कडप्पा थरांचा दगड आहे. अरुंद पट्टी कापतानाच किंवा नंतर जड कुकर आपटल्यावर तडकते. कटआउटचे कोपरे काटकोनात न कापता थोडे गोल ठेवावेत, कारण चीर कोपऱ्यातूनच सुरू होते.

काच फुटण्याबद्दल लोक घाबरतात, ते समजण्यासारखं आहे. टफन केलेली, म्हणजे तापवून कणखर केलेली काच फुटते तेव्हा खड्यांसारखे तुकडे होतात. मोठे सुरे होत नाहीत, पण शेजारचं अन्न टाकावंच लागतं. कारणं बहुतेकदा ठरलेली. बर्नरपेक्षा फार मोठं पातेलं ठेवलं की ज्योत बुडाला आपटून खाली वळते आणि काच तापते. तापलेल्या काचेवर ओलं फडकं पडतं. भांडं काचेच्या कडेवर आपटून तिथे टवका उडालेला असतो. आणि बर्नरची टोपी धुऊन परत बसवताना तिरकी बसते, ज्योत एका अंगानं बाहेर येते. हे शेवटचं सगळ्यात जास्त घडतं आणि एका सेकंदात टाळता येतं: टोपी बोटानं गोल फिरवून पाहायची, डुगडुगली तर बसलेली नाही.

काही हॉबचे बर्नर ज्वलनाची हवा काचेखालून घेतात. त्याखाली ड्रॉवर घट्ट बंद केला की हवा कोंडते, ज्योत पिवळी होते, पातेलं काळं पडतं आणि दोष गॅसला दिला जातो. खाली दोन इंच मोकळी जागा आणि कपाटाला हवेची फट ठेवावी. ज्योत सांभाळणारी सुरक्षा झडप असलेल्या हॉबची एक तक्रार नेहमीची: बटण सोडलं की गॅस विझतो. बर्नरलगतच्या थर्मोकपलचं टोक ज्योतीत तापलं तरच झडप उघडी राहते. दूध उतू जाऊन टोकावर कीट बसलं की ते तापत नाही. टोक साबणाच्या पाण्यानं पुसावं, आणि पेटवल्यावर बटण चार-पाच सेकंद दाबून धरावं.

पाइपच्या गॅसकडे येऊ. मुंबईत कोळशापासून केलेला गॅस 1860 च्या दशकापासून नळांतून फिरत होता. पुण्याला नैसर्गिक वायू मिळू लागला तो ‘गेल’ आणि भारत पेट्रोलियम या सरकारी कंपन्यांनी 2006 मध्ये मिळून उभ्या केलेल्या महाराष्ट्र नॅचरल गॅस लिमिटेडमुळे. हा वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो; मिथेन हलका, छताकडे जातो. म्हणून सिलिंडर असलेल्या कपाटाला तळाशी जाळी हवी आणि पाइपच्या गॅसला वरची खिडकी महत्त्वाची. तितक्याच आकारमानाच्या एलपीजीत मिथेनच्या सुमारे अडीचपट उष्णता असते. पाइपच्या गॅसचा दाबही कमी, सुमारे 21 मिलिबार. तेवढीच आच हवी तर जेटचं छिद्र व्यासानं साधारण 1.4 पट मोठं लागतं. एलपीजीचे जेट तसेच ठेवून पाइप जोडला तर ज्योत मरगळते. उलट, पाइपच्या गॅसचे जेट असलेला हॉब सिलिंडरला जोडला तर पिवळी लांब जीभ बाहेर येते, आणि हे धोक्याचं आहे. जुन्याच जेटला ड्रिलनं भोक मोठं करून देण्याची सवय काही ठिकाणी दिसते. ते भोक गोल राहत नाही आणि ज्योत कधीच नीट बसत नाही. हॉबच्या कंपनीचेच दुसऱ्या गॅसचे जेट मागून घ्यावेत. पुण्यातच डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेनं खरकट्यावर चालणारा घरगुती बायोगॅस संच विकसित केला, त्याला 2006 मध्ये ॲश्डेन पुरस्कार मिळाला. त्या वायूत कार्बन डायऑक्साइड बराच असतो आणि दाब फारच कमी, त्यामुळे त्याच्या बर्नरचं छिद्र आणखी मोठं. तीन वायू, तीन जेट.

इंडक्शन घरोघरी शिरलं त्याचं एक मोठं कारण सरकारी निर्णयात आहे. सप्टेंबर 2012 मध्ये अनुदानित सिलिंडर वर्षाला सहावर आणले गेले. 2013 च्या जानेवारीत नऊ आणि पुढच्या वर्षी बारा झाले. मधल्या काळात कितीतरी ओट्यांवर इंडक्शनची एकेक प्लेट आली. हिशेब असा करावा: 14.2 किलो एलपीजीत सुमारे 180 युनिट उष्णता असते. त्यातली 60 टक्के पातेल्यात पोचते असं धरलं तर 108. इंडक्शन 85 टक्क्यांच्या आसपास पोचवतं, म्हणजे त्याच कामाला सुमारे 127 युनिट वीज. महावितरणच्या घरगुती दराला 100, 300 आणि 500 युनिटांवर टप्पे आहेत. ही वाढ बिलाला वरच्या टप्प्यात नेत असेल तर त्या टप्प्याचा दर धरूनच गॅसशी तुलना करावी. 2000 वॅटच्या प्लेटला 16 अँपिअरचं सॉकेट आणि वेगळी वायर हवी. मिक्सरच्या 6 अँपिअरच्या पॉइंटवर ती चालवली की प्लग पिवळा पडतो, मग वितळतो.

इंडक्शनचं खरं अडतं ते भांड्यांवर. कसब्यातल्या तांबट आळीत मठारून घडवलेली तांब्या-पितळेची भांडी त्यावर तापत नाहीत. ॲल्युमिनियमची कढईही नाही. बुडाला चुंबक चिकटला तर चालेल, आणि बूड सपाट हवं. बिडाचा सपाट तवा चालतो, पण साध्या प्लेटमधलं वेटोळं बहुधा 18 सेंटिमीटरच्या आसपासचं असतं. त्यामुळे मोठी पोळी मधे करपते आणि काठाला कच्ची राहते. स्वस्त प्लेटा कमी आचेवर सलग चालत नाहीत, काही सेकंद पूर्ण जोरात आणि काही सेकंद बंद असं करतात. दोन तारी पाक त्यावर बिघडतो तो यामुळेच. फुलका फुगवायला, वांगं भाजायला, पापडाला ज्योतच लागते. दूध, चहा, कुकर आणि पाणी इंडक्शनवर आणि भाकरी-पोळी गॅसवर, ही वाटणी पुण्यातल्या बऱ्याच घरांनी आपली आपण शोधली आहे. नवा ओटा करताना तीन बर्नरचा गॅस हॉब आणि शेजारी 16 अँपिअरचा पॉइंट ठेवला तर तिला जागा मिळते.

पाइपच्या गॅससाठी जेट बदलले गेले की काढलेले एलपीजीचे जेट फिटरकडून मागून घ्यावेत आणि कोणता जेट कोणत्या बर्नरचा ते पाकिटावर लिहून हॉबच्या कागदांसोबत ठेवावं. पाइप न पोचलेल्या भागात घर बदललं तर पहिल्याच दिवशी ते लागतात.