कोठीतली दादर आणि हलणारे दाणे

खान्देशात बऱ्याच घरांत अजूनही दादर ज्वारीची पत्र्याची कोठी असते. दळणासाठी खालची झडप सरकवली की वरचं झाकण उघडून आत डोकावून बघा. अख्खी ज्वारी एकसारखी खाली सरकत नाही. मधोमध खळगा पडतो, तिथले दाणे घरंगळत जातात आणि पत्र्यालगतचे मात्र जागचे हलल्यासारखे दिसत नाहीत.

रबर ओढलं तर ते सगळीकडे थोडंथोडं ताणतं. दाण्यांचं तसं नाही. हलणारा आणि थांबलेला माल यांच्यामध्ये एक अरुंद पट्टा तयार होतो आणि बहुतेक घसरण तिथंच गोळा होते. वाळूत हा पट्टा साधारण दहा-वीस कणांइतका जाड भरतो. म्हणजे जाडी ठरते ती दाण्याच्या आकारावर. गंमत अशी, की स्थापत्य अभियांत्रिकीतल्या नेहमीच्या समीकरणांत दाण्याच्या आकाराला जागाच नसते! तिथे एखाद्या बिंदूवरचा ताण, म्हणजे आतला जोर, त्याच बिंदूवरच्या विरूपणातून, म्हणजे आकार किती बदलला त्यावरून, काढतात. दहा-वीस दाण्यांतच सगळं चित्र बदलत असेल, तर हा हिशेब कोलमडतो.

पट्ट्यात दाटीनं बसलेले दाणे एकमेकांवर चढल्याशिवाय सरकूच शकत नाहीत, म्हणून तेवढा भाग फुगतो. ब्रिटिश अभियंता ऑस्बोर्न रेनॉल्ड्सनं हे 1885 मध्ये सांगितलं. शिवाय दाणे स्वतःभोवती फिरतातही. प्रत्येक बिंदूला सरकण्याबरोबर स्वतंत्र फिरणं देणारा सिद्धांत फ्रान्सच्या कोसेरा बंधूंनी 1909 मध्ये मांडला होता. म्युलहाउस आणि वार्दुलाकिस या संशोधकांनी 1987 मध्ये त्यावरूनच पट्ट्याची जाडी काढली.

मला सगळ्यात नवल वाटतं ते नेदरलँड्समधल्या लायडनच्या 2010 च्या प्रयोगाचं. भांड्यात काचमणी, वर ठेवलेला जड गोळा. मणी स्थिर असताना त्यांनी तो पेलला. तळाची चकती हळू फिरवताच गोळा बुडू लागला. घसरण चालली होती दुसरीकडे, तरी त्याच्याखालच्या मण्यांची पकड सुटली.

जळगावच्या डाळमिलमध्ये कडधान्याच्या मोठ्या टाक्या असतात. खालून माल सुटत असताना पृष्ठभाग कडेला भक्कम दिसतो, पण त्यावर पाय ठेवणारा खचू शकतो. धान्य गुडघ्यांपर्यंत आलं की एकट्यानं पाय काढणं अवघड, आणि धडपड करावी तर आजूबाजूचे दाणे आणखीच सैल होतात. म्हणून आत उतरण्याआधी खालची झडप बंद करून ठेवायची असते.