पाणी न बदलता मत्स्यालयातील खडी साफ करणे

मत्स्यालयाच्या तळाशी अंथरलेल्या खडीत अडकलेला गाळ, टाकीतले पाणी कमी न करता किंवा काढलेले पाणी गाळून परत टाकीतच सोडून, बाहेर काढण्याची पद्धत. एरवी खडीची सफाई आणि पाणी बदलणे एकाच वेळी उरकले जाते. त्यामुळे ते एकच काम आहे असा समज होतो. तसे ते नाही. सफाईने न विरघळलेली घाण जाते. विरघळलेली पाण्यातच राहते.

गाळ म्हणजे माशांची विष्ठा, न खाल्लेले खाद्य, वनस्पतींची कुजकी पाने आणि या सगळ्यावर वाढणारे जीवाणू. तो तपकिरी, भुसभुशीत आणि इतका हलका असतो की चिमटीत धरायला जावे तर विरून जातो. खडीचे खडे साधारण २ ते ५ मि.मी. जाडीचे असतात. त्यांच्या फटींतून गाळ खाली उतरतो आणि वरून टाकी स्वच्छ दिसत राहते. तळाशी तो कुजतो तेव्हा अमोनिया तयार होतो.

नेहमीची सफाई सायफनने, म्हणजे टाकीतले पाणी खाली ठेवलेल्या बादलीत आपोआप ओढणाऱ्या नळीने होते. रुंद तोंडाची नळी खडीत खुपसली की खडे नळीत उसळतात, गरगरतात आणि आपल्या वजनाने पुन्हा खाली बसतात. गाळाची घनता जवळपास पाण्याइतकीच असल्याने तो वर चढून बादलीत जातो. नळी रुंद असण्याचे कारण हेच: रुंदी वाढली की प्रवाह मंदावतो आणि खडे त्याच्याबरोबर वाहून जात नाहीत. मात्र सायफन चालतो तो टाकीतली पातळी आणि नळीचे बाहेरचे टोक यांच्यातील उंचीच्या फरकावर. दोन्ही टोके एकाच टाकीत ठेवली तर फरक उरत नाही आणि प्रवाह थांबतो. पाणी न बदलण्याची प्रत्येक युक्ती या हरवलेल्या ओढीला पर्याय शोधते.

सर्वांत साधा पर्याय बादलीचा. सायफनचे पाणी स्वच्छ बादलीत घ्यायचे आणि १५-२० मिनिटे हलवायचे नाही. गाळ तळाशी बसला की वरचे निवळलेले पाणी दाट विणीच्या कापडातून गाळून टाकीत परत ओतायचे. तळाचा लिटरभर चिखल फेकून द्यायचा, तेवढ्याचा मोह धरू नये. बादलीला कधी साबण लागलेला नसावा. पाण्याची पातळी उतरण्याआधी हीटर बंद करावा. तापलेली काच उघडी पडली की तडकते. पाणी ओतताना धार उलट्या बशीवर सोडावी, नाहीतर खडीत खड्डा पडतो आणि उरलासुरला गाळ पुन्हा वर येतो.

दुसरा पर्याय हवेचा. एअर पंपाची बारीक नळी रुंद नळीच्या खालच्या भागात जोडतात. बुडबुडे मिसळलेले पाणी बाहेरच्या पाण्यापेक्षा हलके होते, म्हणून नळीतून वर चढते, सोबत गाळ नेते आणि टोकाला बांधलेल्या पिशवीतून गाळून टाकीतच पडते. उथळ टाकीत ही ओढ फारच दुबळी पडते. बॅटरीवर किंवा विजेवर चालणाऱ्या यंत्रांत हेच काम छोटी मोटर करते. पिशवीची वीण सैल असेल तर बारीक गाळ आरपार जातो आणि टाकी चहासारखी गढूळ होते. वीण फार दाट असेल तर पिशवी लवकर तुंबते आणि ओढ मरते. दोन्हींपैकी तुंबणारी पिशवी बरी, कारण ती धुता येते.

नुसते बोटांनी खडी ढवळून गाळ फिल्टरकडे सोडणे ही लोकप्रिय पण अर्धवट पद्धत आहे. फिल्टरच्या स्पंजमध्ये अडकलेला गाळ टाकीच्याच पाण्यात कुजत असतो, त्याने फक्त जागा बदललेली असते. स्पंज त्याच दिवशी काढून पिळला तरच सफाई झाली असे म्हणता येते. तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा. नळाच्या पाण्यातले क्लोरीन स्पंजवरचे उपयोगी जीवाणू मारते.

हे जीवाणू अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करतात. ते मोकळ्या पाण्यात फारसे नसतात, खडीच्या आणि फिल्टरच्या पृष्ठभागाला चिकटून राहतात. म्हणून एका वेळी तळाचा तिसरा किंवा चौथा हिस्साच साफ करावा आणि स्पंज पिळण्यापलीकडे त्याच दिवशी अख्खा फिल्टर खंगाळून काढू नये. बारीक वाळूत नळी खुपसत नाहीत. पृष्ठभागापासून बोटभर उंचावर फिरवतात. बरेच दिवस न हललेल्या खोल वाळूत प्राणवायू पोहोचत नाही, तिथे हायड्रोजन सल्फाइड साठते. वाळू ढवळताच सडक्या अंड्याचा वास आला तर हात थांबवावा. हा वायू माशांना विषारी आहे. दाट मुळांच्या झाडांजवळ तर नळी नेऊच नये. मुळांशी साचलेला गाळ त्यांचे खत असते.

पाणी तेच ठेवण्याची गरज काही वेळा खरोखरच असते. औषध घातलेल्या टाकीत पाणी बदलले तर मात्रा बिघडते. नवजात पिल्लांना अचानक झालेला बदल सोसत नाही, शिवाय ती नळीत ओढलीही जातात, म्हणून तोंडाला जाळी लावतात. समुद्री टाकीत प्रत्येक लिटर क्षार मिसळून तयार करावे लागते. आदल्याच दिवशी पाणी बदलले आणि खडी राहून गेली, हे कारण बहुधा सर्वांत जास्त घडणारे.

पण पाण्यात विरघळलेले नायट्रेट पिशवीत अडकत नाही. १०० लिटरच्या टाकीत ते लिटरमागे ४० मि.ग्रॅ. असेल, तर खडी कितीही घासली तरी ४०च राहते. २५ लिटर पाणी नायट्रेटमुक्त पाण्याने बदलले की ३०वर येते. वनस्पती काही भाग शोषतात, तो टाकीतली झाडी किती दाट आहे त्यावर अवलंबून. शिवाय जीवाणू अमोनियाचे नायट्रेट करतात तेव्हा आम्ल तयार होते आणि पाण्यातले कार्बोनेट खर्ची पडते. फार काळ पाणी न बदललेल्या टाकीचा पीएच (पाणी किती आम्लधर्मी आहे याचे माप, आम्ल वाढले की तो उतरतो) म्हणूनच हळूहळू घसरतो.

खडीत बिळे करणाऱ्या शंकूसारख्या गोगलगायी किंवा तळ उकरत फिरणारे कोरिडोरास मासे यांना सफाई कामगार समजले जाते. ते तळ हलता ठेवतात आणि सांडलेले खाद्य संपवतात. विष्ठा मात्र तेही टाकीतच करतात.